निरगाठ आणि सुरगाठ

स्कॅनच्या पडद्यावर बाबांचं सगळं शरीर करड्या रंगात होतं. मेंदू उजळलेला, हृदय थोडंसं, मूत्राशय लख्ख. तेवढं अपेक्षितच असतं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला मात्र आणखी एक ठिपका उजळला होता, आणि तिथे उजळण्यासारखं काही असायला नको होतं. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं तो दाखवला. "गाठ आहे," ते म्हणाले. "कसली ते बायोप्सीशिवाय सांगता येणार नाही. कॅन्सर असू शकतो, टीबी असू शकतो. इथून दोन्ही सारखेच दिसतात."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. गेली अकरा वर्षं मी याच दोन आजारांभोवती वावरणाऱ्या पेशी वाढवते, मोजते, रंगवते. घरात त्यांना ‘तुझ्या पेशी’ असंच म्हणतात. तेव्हा डॉक्टरांना दिसत नाही ते मला दिसत असेल, असं त्यांना वाटलं असावं. मला एवढंच कळत होतं, की डॉक्टर सांगतायत ते अगदी खरं आहे.

पेट स्कॅनच्या आधी शिरेतून साखरेसारखा एक पदार्थ देतात, त्याला किरणोत्सारी फ्लुओरिन जोडलेलं असतं. ज्या पेशी अधाशासारखी साखर ओढतात त्यांच्यात ते साठतं आणि ती जागा चमकते. कॅन्सरच्या पेशी अधाशी असतात, म्हणून ही तपासणी. पण जंतूंशी झुंजणारी, चवताळलेली भक्षकपेशीसुद्धा तितकीच साखर ओढते. यंत्राला भूक दिसते. भुकेलेला कोण, ते दिसत नाही.

सुई घालून तुकडा काढला. रिपोर्टला आठ दिवस लागतील असं सांगितलं.

आपल्या भाषेत या दोन्हींना एकच शब्द आहे. क्षयाचीही गाठ आणि कर्करोगाचीही गाठच. दोरीला मारतो ती गाठ, आणि दोन माणसं अचानक समोरासमोर येतात तेव्हा पडते तीही गाठ. कामावर मी एकीला ग्रॅन्युलोमा म्हणते, दुसरीला ट्यूमर, आणि दोघींना वेगळ्या कप्प्यांत ठेवते. त्या संध्याकाळी परत येताना वाटलं, भाषेनं हा घोळ उगाच घातलेला नाही. दोन्ही गाठी उघडून पाहिल्या तर आत तीच मंडळी भेटतात. मॅक्रोफेज, म्हणजे गिळणाऱ्या मोठ्या पेशी. टी-पेशी, म्हणजे ओळख पटवून मारणाऱ्या, आणि मारायचं कधी थांबवायचं ते सांगणाऱ्याही. खबर पोचवणाऱ्या डेंड्रिटिक पेशी. फरक असा, की क्षयाची गाठ आपल्याच पेशी मारतात, जंतूंभोवती. कर्करोगाची गाठ कर्करोगाची स्वतःची असते आणि आपल्या पेशी तिच्यात जाऊन अडकतात.

रात्री जेवणं झाल्यावर बाबांनी विचारलं, "तुझ्या पेशी असतील ना गं त्या गाठीत?"

"असतील. दोन्हींपैकी काहीही असलं तरी असतील."

"मग काय करतायत तिथं?"

सोपा प्रश्न होता. माझी अकरा वर्षं त्याच्यातच गेली आहेत.

माझं काम रक्ताच्या पिशवीपासून सुरू होतं. रक्तपेढीत तांबड्या पेशी आणि प्लाझ्मा वेगळे केले की मधे एक फिकट, पातळ थर राहतो. त्याला बफी कोट म्हणतात. पांढऱ्या पेशी सगळ्या त्यात असतात. पिशवीवर नाव नसतं, फक्त नंबर. मला त्यातल्या मोनोसाइट हव्या असतात. त्या वेगळ्या करायची जुनी आणि साधी रीत अशी: सगळ्या पांढऱ्या पेशी प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये घालायच्या, ३७ अंशांवर तास-दोन तास ठेवायच्या आणि मग कोमट द्रावणानं प्लेट हलक्या हातानं धुवायची. लिम्फोसाइट, म्हणजे टी-पेशी आणि त्यांची भावंडं, वाहून जातात. मोनोसाइट चिकटून राहतात. चिकटून राहणं हा त्यांचा स्वभावच आहे. पुढे सहा-सात दिवस योग्य ते प्रथिन देत वाढवल्या, की त्या पसरतात, अंगानं भरतात, कडांना हातपाय फुटल्यासारखे दिसतात, आणि त्यांच्या मॅक्रोफेज होतात. एका पिशवीतल्या पेशी दुसऱ्या पिशवीतल्यांसारख्या कधीच वागत नाहीत. सुरुवातीला मला हा माझ्या हाताचा दोष वाटायचा. नंतर कळलं, माणसं वेगळी असतात एवढंच त्याचं कारण.

मग त्यांना जंतू द्यायचे. खऱ्या क्षयजंतूंसाठी वेगळी, हवेचा दाब कमी ठेवलेली, कुलूपबंद प्रयोगशाळा लागते. माझं बरंचसं काम बीसीजीवर चालतं, म्हणजे आपल्या दंडावर ज्याची खूण असते त्या लशीतल्या दुबळ्या केलेल्या जंतूवर. लाल चमकणारे बीसीजी घातले की अर्ध्या तासात पहिल्या मॅक्रोफेज त्यांच्याकडे झुकायला लागतात. पडदा पुढे सरकतो, जंतूला कवेत घेतो आणि मिटतो. मी हे शेकडो वेळा पाहिलं असेल. अजूनही बघताना श्वास धरला जातो.

याचा अर्थ सगळ्यात आधी ओळखला तो इल्या मेचनिकॉफ यांनी, १८८२ मध्ये, सिसिलीतल्या मेसिना गावी. घरची मंडळी सर्कस बघायला गेली होती, ते एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले होते. तारामाशाच्या पिल्लाचं अंग काचेसारखं पारदर्शक असतं. त्याच्या आत फिरणाऱ्या पेशी बघता बघता त्यांच्या मनात आलं, या पेशी शरीराचं रक्षण करत असतील तर? बागेतून गुलाबाचे काटे आणून त्यांनी त्या पिल्लांच्या अंगात टोचले. रात्री झोप लागली नाही. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला. त्याच वर्षी, २४ मार्चला, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं होतं. जंतू आणि त्याला गिळणारी पेशी एकाच वर्षी माणसाला उमगावी, याचं मला फार वाटतं. आणि याहून जास्त एका गोष्टीचं. मेचनिकॉफ यांची पहिली बायको, ल्युदमिला, क्षयानंच गेली होती, १८७३ मध्ये. लग्नाच्या वेळीच ती इतकी अशक्त होती की तिला खुर्चीत बसवून न्यावं लागलं. काट्याभोवतीच्या त्या गराड्याकडे बघताना त्यांना तिची आठवण झाली नसेल, असं मला मानवत नाही.

मॅक्रोफेजनं गिळलं म्हणजे संपलं, असं बाकीच्या बहुतेक जंतूंच्या बाबतीत म्हणता येतं. गिळलेला जंतू एका पिशवीत बंद होतो, आम्लानं आणि पाचकरसांनी भरलेली दुसरी पिशवी येऊन तिला मिळते आणि जंतू विरघळतो. क्षयाचा जंतू या दोन पिशव्या एकमेकींना मिळूच देत नाही. गिळणारीच्या पोटात तो घर करतो. त्याला घाईही नसते. पोटातला साधा ई. कोलाय जंतू अनुकूल परिस्थितीत २० मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयजंतूला त्यासाठी २० तासांच्या आसपास लागतात. तोवर त्या पेशीच्या हाकेला बाकीच्या धावून येतात, तिच्याभोवती जमतात, एकमेकींत हात गुंफून घट्ट बसतात. काही तर एकजीव होऊन एक प्रचंड पेशी बनते, जिची केंद्रकं घोड्याच्या नालासारखी कडेनं मांडलेली असतात. थिओडोर लांगहान्स यांनी १८६८ मध्ये तिचं वर्णन केलं, जंतू सापडायच्या १४ वर्षं आधी. बाहेरून लिम्फोसाइटचं कडं. आत मधोमध मेलेल्या पेशींचा पिठूळ, पिवळसर गोळा. ही क्षयाची गाठ.

आम्हाला शिकवताना तिला तटबंदी म्हणत. जंतूला कोंडून ठेवण्यासाठी बांधलेली भिंत. पुढे ललिता रामकृष्णन यांच्या प्रयोगशाळेनं झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत क्षयजंतूचा जवळचा नातलग सोडला आणि गाठ बनताना जिवंतपणी पाहिली. २००९ मध्ये त्यांनी जे मांडलं ते वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होते. मरणाऱ्या, जंतूंनी भरलेल्या पेशीला साफ करायला नव्या मॅक्रोफेज येतात, तिला गिळतात, आणि जंतू आयतेच त्यांच्यात जातात. त्यांतल्या काही पुढे निघून दुसरीकडे नव्या गाठी मांडतात. गाठीच्या सुरुवातीच्या दिवसांत तरी जंतू याच मदतीवर पसरतो.

आणि ट्यूमरमध्ये? तिथेही मॅक्रोफेज बोलावून आणलेल्या असतात. मॅक्रोफेजला दोन कामं येतात. एक मारण्याचं, दुसरं जखम भरून काढण्याचं: मेलेलं उचलायचं, नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून द्यायची, भोवतीचा दंगा शांत करायचा. हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये ट्यूमरला कधीच न भरणारी जखम म्हटलं, ते याचसाठी. ट्यूमर अशी रसायनं सोडतो, की मॅक्रोफेजला तिथे जखम आहे असंच वाटतं. ती इमानेइतबारे ती भरायला लागते. रक्तवाहिन्या येतात आणि ट्यूमरला पोसतात. दंगा शांत होतो आणि मारायला आलेल्या टी-पेशी दारातच थबकतात. आमच्या क्षेत्रात अशा पेशींना सर्रास फितूर म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. फितुराला आपण काय करतोय ते कळत असतं. ही बिचारी जिथे उभी आहे तिथे जे ऐकू येतं त्यावर विश्वास ठेवते.

हे मी बाबांना साध्या शब्दांत सांगायचा प्रयत्न केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे त्यांची चूक नाही."

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. बातमी घरात फिरली होती. प्रत्येकाच्या फोनचा शेवट एकाच वाक्यानं व्हायचा: त्यांची प्रतिकारशक्ती वाढवायला काहीतरी द्या. काढे, गोळ्या, पावडरी, कुणाच्या तरी ओळखीतलं इंजेक्शन. सगळी मायेची माणसं. त्यांच्यावर मी चिडले नाही, पण त्या वाक्यावर चिडले, आणि अजूनही चिडते. प्रतिकारशक्ती म्हणजे टाकीतलं पाणी नव्हे, की जितकं चढवाल तितकं चांगलं. हे मला माझ्याच प्रयोगशाळेत, समोरच्या टेबलाकडे बघून शिकायला मिळालं.

त्या टेबलावर माझी मैत्रीण काम करते. तिचा विषय कर्करोग, माझा क्षय. फ्रिज एक, सेंट्रिफ्यूज एक, अँटिबॉडीच्या बाटल्याही बहुतेक त्याच. तिच्या टी-पेशी ‘थकलेल्या’ असतात. हा तिथला रोजचा शब्द आहे. शत्रू रोज, सतत, न संपता समोर राहिला, की टी-पेशी हळूहळू मारायचं सोडून देते. तिच्या अंगावर पीडी-१ नावाचं एक प्रथिन उगवतं, आणि समोरच्या पेशीनं त्याला हात लावला की ती थांबते. ट्यूमर हे नेमकं ओळखून असतो. क्योटोमध्ये तासुकू होंजो यांच्या गटाला पीडी-१ सापडलं ते १९९२ मध्ये. अमेरिकेत जेम्स अ‍ॅलिसन सीटीएलए-४ नावाच्या दुसऱ्या ब्रेकमागे होते. हे ब्रेक अँटिबॉडीनं झाकले की टी-पेशी पुन्हा कामाला लागते, यावरून औषधं झाली, आणि २०१८ चं नोबेल दोघांना मिळालं. मेलॅनोमा हा त्वचेचा कर्करोग शरीरभर पसरल्यावर ज्यांच्या हाती महिने उरायचे, त्यांच्यातले काही जण आज वर्षांमागून वर्षं जगतायत. मैत्रिणीच्या टेबलासमोर अशाच एका रुग्णाच्या स्कॅनची चित्रं लावलेली आहेत, आधीचं आणि नंतरचं. ती तिकडे बघते तेव्हा तिचा चेहरा बदलतो.

मला तेव्हा वाटायचं, हीच अँटिबॉडी क्षयालाही लागू पडावी. क्षयही वर्षानुवर्षं चिकटून राहणारा, पेशींना थकवणाराच की. मग उंदरांवरचे निष्कर्ष वाचले, २०१० आणि २०११ मधले. ज्या उंदरांना जन्मतःच पीडी-१ नाही, त्यांना क्षयाची लागण केली तर ते वाचायला हवेत. ते लवकर मेले. त्यांची फुप्फुसं सुजून, सडून गेलेली होती. आणि त्यांच्या अंगातल्या सीडी-४ टी-पेशी, म्हणजे क्षयापासून वाचवण्यासाठी ज्यांची सगळ्यांत जास्त गरज असते त्याच पेशी, काढून टाकल्या तर ते उंदीर लवकर मरेनात. ब्रेक नसलेली टी-पेशी जंतूइतकीच, किंबहुना जास्त, घातक ठरत होती. पुढे कर्करोगासाठी पीडी-१ रोखणारं औषध घेणाऱ्या काही माणसांत क्षय उसळल्याच्या नोंदी आल्या. २०२१ मध्ये तर जन्मतःच पीडी-१ नसलेल्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्याला क्षय झाला होता.

हे वाचून मी समोरच्या टेबलाकडे गेले होते. मैत्रिणीनं सगळं ऐकलं, हातातलं पिपेट खाली ठेवलं आणि म्हणाली, "म्हणजे मी जो ब्रेक काढायला धडपडते, तो तुला जपायचाय." तेव्हापासून आम्ही एकमेकींचे निकाल वेगळ्या कानांनी ऐकतो.

अशीच गोष्ट टीएनएफची. नावच ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, ट्यूमर मारणारं द्रव्य. १९७५ मध्ये ते सापडलं, तेही बीसीजी टोचलेल्या उंदरांच्या रक्तात. म्हणजे क्षयाची लस टोचलेल्या प्राण्यानं कर्करोगाला मारणारं काहीतरी तयार केलं, असा त्याचा जन्म. पुढे कळलं, की हेच द्रव्य संधिवातात सांधे जाळतं. म्हणून त्याला अडवणारी औषधं निघाली, आणि हातापायांची बोटं वळवू न शकणारी माणसं पुन्हा कामाला लागली. मग २००१ मध्ये अशा एका औषधानंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांच्या फुप्फुसांतल्या जुन्या, विसरलेल्या गाठींना टीएनएफनं धरून ठेवलं होतं. तो काढून घेतला आणि गाठी सुटल्या. आज ही औषधं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात ती त्यामुळे.

तर मग टीएनएफ जितका जास्त तितकं बरं? तसंही नाही. रामकृष्णन यांच्या गटानं २०१२ मध्ये दाखवलं, की झेब्राफिशमध्ये तो कमी पडला तरी जंतू जिंकतो आणि जास्त झाला तरी जिंकतो. जास्त झाला की मॅक्रोफेज स्वतःच फुटून मरतात, आणि बाहेर पडलेले जंतू मोकळ्यावर जोमानं वाढतात. माणसांतही याच्याशी जुळणारा पुरावा त्यांना त्या वेळी दिसला: क्षय मेंदूच्या आवरणाला पोचलेला असताना सूज उतरवणारी स्टेरॉइड कुणाला तारतात, तर ज्यांच्या जनुकांमुळे सूज मुळातच जास्त असते त्यांना. एकच औषध, एकच आजार, आणि गरज माणसागणिक वेगळी.

हे ऐकताना बाबा एकदम म्हणाले, "सुरगाठ."

मला आधी कळलं नाही. बाबा शाळेत शिक्षक होते. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सुतळीनं बांधायची त्यांची एक पद्धत होती. लहानपणी मी गठ्ठा बांधला की निरगाठ मारायचे, कारण मला तेवढीच यायची. मग ते सुतळी कापावी लागायची म्हणून हळहळायचे. घट्ट बसली पाहिजे आणि एका ओढीत सुटलीही पाहिजे, असं म्हणून त्यांनी मला सुरगाठ शिकवली होती. मी शिकले तेव्हा सात-आठ वर्षांची असेन.

"त्या पेशींना सुरगाठ मारता यायला हवी," ते म्हणाले. मी इतक्या परिषदांत इतकी भाषणं ऐकली. एवढं नेमकं कुणी बोललेलं आठवत नाही.

सुरगाठ बांधणाऱ्या पेशीही असतात. टी-पेशींमधलीच एक जात बाकीच्यांना आवरण्याचं काम करते. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये तिची ओळख पटवली तेव्हा बऱ्याच जणांचा विश्वास नव्हता. २०२५ चं नोबेल त्यांना आणि मेरी ब्रुन्को, फ्रेड रॅम्सडेल यांना मिळालं. आम्ही दोघींनी त्या दिवशी काम लवकर थांबवलं होतं.

पाचव्या दिवशी रात्री बाबांना झोप येत नव्हती. मी त्यांच्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, "दादाला झाला होता टीबी. मी नऊ वर्षांचा होतो. त्याच्याच अंथरुणात झोपायचो. तो रात्रभर खोकायचा आणि मी झोपेतच त्याच्या पाठीवरून हात फिरवायचो." हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. काका होते एवढं माहीत होतं, कशानं गेले ते माहीत नव्हतं. बाबा आता ७१ वर्षांचे आहेत.

जगातल्या सुमारे एक चतुर्थांश माणसांना कधी ना कधी क्षयाची लागण झालेली आहे, आणि त्यांच्यातल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. हा आकडा मी स्वतः कितीतरी वेळा बोर्डावर लिहिलाय. उरलेल्या नव्वदजणांचं काय चाललेलं असतं, याचा विचार मी कधी एका माणसाच्या अंथरुणाशेजारी बसून केला नव्हता. डेन्मार्कमध्ये एका माणसाला १९९० च्या दशकात क्षय झाला, आणि त्याचे जंतू त्याच्या वडिलांच्या जुन्या, जपून ठेवलेल्या नमुन्यातल्या जंतूंशी डीएनएनं जुळले. मधे ३३ वर्षं गेली होती. कर्करोगातही असं घडतं. २००३ मध्ये स्कॉटलंडमधून एक नोंद आली: एका व्यक्तीच्या दोन मूत्रपिंडांचं दोन रुग्णांत रोपण झालं आणि दोघांनाही मेलॅनोमा झाला. देणाऱ्या व्यक्तीचा मेलॅनोमा १६ वर्षांपूर्वी काढून टाकलेला होता. ती बरी समजली गेली होती. तिच्या पेशींनी त्याला १६ वर्षं दाबून धरलं होतं. रोपणानंतर प्रतिकार दबवणारी औषधं द्यावी लागतात. नव्या शरीरात पहारा नव्हता.

मॅक्रोफेज काही ६० वर्षं जगत नाही. एक थकते, मरते, दुसरी येऊन तिला गिळते आणि तिच्या जागी बसते. पहाऱ्यावरचं माणूस बदलतं, पहारा उठत नाही. बाबा शाळेत शिकले, शिकवायला लागले, लग्न झालं, मी झाले, त्यांनी हजारो उत्तरपत्रिका तपासल्या, निवृत्त झाले. या सगळ्या काळात उजव्या फुप्फुसाच्या टोकाला कुणीतरी बसून असेल, कुणाला न सांगता, काकांच्या खोकल्यातलं काहीतरी मुठीत धरून. ही खात्री नव्हती, शक्यता होती. पण त्या रात्री मी ज्या पेशींना रोज नंबर देते त्यांच्याविषयी मला पहिल्यांदा कृतज्ञता वाटली, आणि ती बाबांसमोर बोलून दाखवता आली नाही.

बीसीजीचंही त्यांना सांगितलं होतं. आल्बेर काल्मेत आणि कामिय गेराँ यांनी फ्रान्समध्ये गाईच्या क्षयाचा जंतू पित्तात भिजवलेल्या बटाट्यावर वाढवायला घेतला. दर तीन आठवड्यांनी नव्या कापावर, असं २३० वेळा, १९०८ पासून १३ वर्षं. मधे पहिलं महायुद्ध होऊन गेलं. जंतू निवळत निवळत इतका सौम्य झाला, की १९२१ मध्ये तो एका तान्ह्या बाळाला देता आला. बाळाची आई क्षयानं गेली होती. आणि १९७६ मध्ये कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या नऊ रुग्णांवर तोच जंतू वापरल्याचे निष्कर्ष छापले. नळीवाटे थेट मूत्राशयात. स्नायूपर्यंत न पोचलेल्या, पण परत परत उगवणाऱ्या त्या कर्करोगावर आजही तेच औषध पुढे केलं जातं. बीसीजी आतल्या अस्तराला चिकटतो, पांढऱ्या पेशी धावून येतात आणि उपचारानंतर त्या अस्तरात बारीक बारीक ग्रॅन्युलोमा दिसतात. क्षयाच्या गाठींसारख्याच.

"एका गाठीनं दुसरी सोडवायची," बाबा म्हणाले होते. मी मान हलवली होती.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. पॅथॉलॉजिस्ट ओळखीच्या नव्हत्या, पण मी काय काम करते ते कळल्यावर त्यांनी मला स्लाइड बघू दिली. सगळ्यात आधी ती नालासारखी मांडलेली केंद्रकं दिसली. मग मधला पिठूळ भाग. मग त्यांनी दुसरी स्लाइड लावली, निळ्या रंगावर लाल रंग घेणारे जंतू दाखवणारी, आणि स्लाइड सरकवत सरकवत एका जागी थांबल्या. दोन लाल काड्या. एवढ्याच. मी प्रयोगशाळेत एका वेळी लाखो मोजते. त्या दोन काड्यांकडे बघताना मला समोरचं नीट दिसेनासं झालं.

बाहेर बाकावर बाबांशेजारी एक बाई बसल्या होत्या, त्यांच्या हातात तसाच लिफाफा होता. बाबांचा हात त्यांच्या खांद्यावर होता. मी जवळ गेले तेव्हा बाबांनी मला खुणेनंच थांबवलं, आणि मी थांबले. आमचा आनंद आम्ही त्या इमारतीबाहेर पडेपर्यंत खिशात ठेवला.

औषधं सहा महिने चालली. पहिले दोन महिने चार, मग कमी. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा त्यांनी मला हाक मारून सांगितलं, औषध बरोबर काम करतंय ना हे विचारायला. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप आला आणि मानेत एक ग्रंथी सुजली. आम्ही घाबरलो. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. मेलेल्या जंतूंचे तुकडे पाहून पेशी नव्यानं उसळतात. औषधं थांबवायची नाहीत. दोन आठवड्यांत ती ओसरली.

शेवटच्या स्कॅनमध्ये तो ठिपका करडा झाला होता. तिथे आता एक छोटा, चुन्यासारखा कडक डाग आहे. बाबांनी विचारलं, "त्या पेशींना कोण सांगणार, आता जा म्हणून?" मी सांगितलं, सांगावं लागत नाही. हाका येईनाशा होतात, उरलेलं मेलेलं उचलून होतं, आणि त्या हळूहळू पांगतात. काही तिथेच राहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत नवी पिशवी आली होती. मी नंबर वहीत लिहिला, पेशी प्लेटमध्ये घातल्या आणि इन्क्युबेटरचं दार लावलं. दीड तासानं प्लेट बाहेर काढली, कोमट द्रावण घातलं, हलक्या हातानं हलवलं, ओतून दिलं. पुन्हा एकदा घातलं, पुन्हा ओतलं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिलं. चिकटून राहिल्या होत्या.